सदुसष्ट नंबरचा फॉर्म

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून लोकांची झोप एक्सेलमध्ये भरत होतो. एम.ए. मानसशास्त्राचं दुसरं वर्ष, प्रोजेक्टचा विषय ग्रामीण विद्यार्थ्यांच्या झोपेचा दर्जा आणि ती बिघडण्याची कारणं, शुक्रवारी सबमिशन. सहासष्ट फॉर्म झाले होते. आकड्यांच्या ओळी खाली सरकत होत्या आणि माझ्या पापण्याही त्यांच्याबरोबर खाली येत होत्या, कारण झोपेवर प्रोजेक्ट करणारा हा विद्वान स्वतः गेले चार महिने धड झोपलेला नव्हता. सदुसष्टावा फॉर्म उचलला. वय वीस. स्त्री. ग्रामीण. अंथरुणावर पडण्याची वेळ अकरा, उठण्याची पाच, झोप लागायला दोन तास. आकडे मारले, पान उलटलं. ‘झोप न येण्याचं इतर काही कारण असल्यास लिहा’ असं शेवटी छापून आम्ही दीड इंच मोकळी जागा ठेवली होती. त्या जागेत लोक डास लिहितात, शेजारचा टीव्ही लिहितात, एका बीकॉमवाल्यानं ‘होणारा सासरा’ लिहून पुढं हसरा चेहरा काढला होता. इथं निळ्या पेनानं, डावीकडं कललेल्या अक्षरात तीन वाक्यं होती. झोपेत बरं वाटतं. पण उठावं लागतं. उठावंच लागू नये असं काही असतं का?

पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते, पण सांगतो. याला कोड नाही, असा तो विचार होता. मोबाईलला एक, अभ्यासाच्या ताणाला दोन, डासांना तीन, आवाजाला चार, घरच्या कामाला पाच, इतरला शून्य. मी शून्य मारलासुद्धा. मग त्या शून्याकडं बघत राहिलो. कुणीतरी एक वीस वर्षांची मुलगी या कॉलेजात फिरत होती, ती पाच वाजता उठत होती, आणि तिला पुन्हा उठायचं नव्हतं. फॉर्म भरून तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे तो माझ्या सॅकमध्ये, टिफिनच्या खाली पडून होता. हिला शोधलं पाहिजे, आत्ता, असं म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि तसाच थांबलो, कारण दुसरा विचार पहिल्याच्या मागोमाग येऊन उभा राहिला होता. हे मीच तर लिहिलेलं नाही ना?

कारण एकशेवीस फॉर्म लागत होते आणि खरे जमले होते अठ्ठ्याहत्तर. चार वर्गांत फिरलो, हातापाया पडलो, काहींनी फॉर्म घेतले आणि त्यांची विमानं केली, काहींनी घरी नेले ते कायमचे. उरलेले बेचाळीस मी रविवारी बसून बनवले. बनवले हाच शब्द आमच्यात चालतो, खोटे भरले असं कुणी म्हणत नाही. आणि मला त्या कामाचा अभिमानही वाटला होता, हेही खरं. नुसते आकडे ठोकून दिले नाहीत मी. प्रत्येकाला एक आयुष्य दिलं. एकवीस मुलं, एकवीस मुली. एकाला पाबळहून पहाटेची एसटी धरायला लावली, एकीच्या घरामागून कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर नेले, सीझनभर, टेपवर गाणी लावून. तीन पेनं घेतली, निळं, काळं आणि जेल. काही फॉर्म डाव्या हातानं भरले. शेवटी खरे आणि बनवलेले एकत्र करून पत्त्यांसारखे पिसले आणि मगच त्यांच्यावर एक ते एकशेवीस नंबर टाकले, म्हणजे आमच्या गाईड मॅडमना काय, ब्रह्मदेवालाही कळू नये. कळलं नाहीच. मलाही नाही.

लॅबमधल्या मागच्या बाकावर जाऊन मी एका कोऱ्या कागदावर ती तीन वाक्यं डाव्या हातानं लिहून बघितली. जुळली नाहीत. उजव्या हातानं तिरकी लिहिली. ‘उठावं’मधला ठ जुळला, बाकी काही नाही. पण रविवारचा हात आणि आजचा हात एक कसा असेल? दोन रात्री मिळून पाच तास झोपलेला हात तो. फॉर्ममधली मुलगी मी घडवलेली आहे का, हे आठवून बघितलं. बेचाळिसातली बारा-तेरा माणसं डोळ्यांपुढं येत होती, पाबळवाला, ट्रॅक्टरवाली, चष्मा मोडलेला एकजण. पुढची सगळी धुक्यात. शेवटचे पंधरा-वीस फॉर्म कधी भरले याची माझ्या डोक्यात नोंदच नव्हती. फॉर्म घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वडापची जीप धरून कारेगावला आलो, कारण रविवारी मला बघणारं एकच माणूस होतं.

कारेगावात आमची खोली पत्र्याची, दहा बाय दहा. राहणारे चौघं आणि गाद्या दोन. माझा चुलतभाऊ संपतदादा आणि गोरखपूरकडचे दोघं, तिघंही रांजणगावच्या एमआयडीसीत, तिघांच्या शिफ्ट दर आठवड्याला फिरतात. फर्स्टवाला गेला की थर्डवाला येऊन त्याच गादीवर पडतो. गादी कधी गार होत नाही. शिफ्ट नसलेला मी एकटाच, म्हणून माझा गादीवर हक्क असा नाही, जिथं फट मिळेल तिथं मी झोपायचं. एका आठवड्यात रात्री नऊ ते एक, दुसऱ्या आठवड्यात दुपारी, कधी दाराजवळ सतरंजीवर, अंगावरून ओलांडत जाणाऱ्यांचे बूट मोजत. भैया लोक चांगले आहेत, ‘सो जाओ पढ़ाकू, हम लाइट बंद कर देते हैं’ म्हणतात आणि खरंच बंद करतात. माझं सगळं दुखणं त्या खोलीवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दिवाळीत वस्तीवर गेलो, शांत अंधार, आईनं अंथरलेली वाकळ, वर चांदण्या, आणि मी टक्क जागा. तेव्हा कळलं की गादीचा प्रश्न नव्हता.

संपतदादा दुपारी तीनला उठला. थर्ड शिफ्ट सुरू होती त्याची. डोळे चोळत, बनियन खाजवत बसला होता, तेवढ्यात मी विचारलं, “दादा, रविवारी मी काय लिहीत होतो, बघितलंस का?”

“बघितलं की. आधी खसाखसा लिहीत व्हतास. मग मी पानी प्यायला उठलो, तवा तू नुसता बसला व्हतास. पेन कागदावर टेकवल्याला, डोळं उघडं. मी म्हनलं, माऊली, च्या ठिव. तू काय बोललाच न्हाईस.”

“मग?”

“मग काय, म्या परत झोपलो. म्हनलं इचार करतुयास. शिकल्याली मानसं करत्यात तसा.” त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “का रं? काय झालं?”

“काय न्हाई.”

“तोंड बघ आरशात. आमच्या लाईनीवर असं तोंड घिऊन आला तर सुपरवायझर मशीनला हात लावू देत न्हाई.” आणि तो तांब्या घेऊन बाहेर गेला.

म्हणजे पेन कागदावर टेकवलेलं होतं आणि डोळे उघडे होते. मी त्याच गादीच्या काठावर बसलो, ती अजून कोमट होती, आणि स्वतःच्या आत चाचपडू लागलो, खिशात किल्ली आहे का बघावी तसा. मरावंसं वाटलंय का मला कधी? सरळ उत्तर नाही असं होतं. मी भित्रा माणूस आहे, इंजेक्शनलाही घाबरतो. पण दिवाळीतली ती रात्र पुन्हा समोर आली. उजाडत आलं होतं, कोंबडा आरवला, आबा उठून गोठ्याकडं गेले, त्यांचं खाकरणं ऐकू आलं, आणि मला वाटलं की आजच्या दिवशी माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी उठावं. मरायचं नाही. फक्त माझा दिवस कुणीतरी घ्यावा, शिफ्ट बदलून घेतात तसा. तेव्हा ते मला थकल्यासारखं वाटलं होतं, त्याहून जास्त काही नाही. आता ती तीन वाक्यं त्याच्या शेजारी ठेवून बघितली तर दोन्ही एकाच घरातली दिसत होती, आणि मला भीती वाटली. खूप भीती वाटली.

संध्याकाळी पाटसच्या वस्तीवर फोन लावला. आबांनी उचलला. माझे वडील, ज्ञानू, मी सहावीत असेपर्यंत मेंढरं राखत होते. पुढं मेंढरं विकली, जमीन घेतली आणि ऊस-कांद्यात पडले. पण झोप त्यांची अजून मेंढपाळाचीच आहे, दगडावर डोकं टेकवलं की लागते आणि पान हललं की मोडते. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर रानोमाळ असायचो. कोकरांच्या घोळक्यात घोंगडं ओढून पडायचो, लेंड्यांचा, लोकरीचा वास, आणि जागल करणाऱ्या आबांच्या काठीचा आवाज जवळून लांब, लांबून जवळ. तशी झोप पुन्हा मिळाली नाही. एकदा मी त्यांना विचारलं होतं, आपण झोपलो होतो हे आपल्याला कळतं कसं? ते म्हणाले होते, “उठलो म्हंजी झोपलो व्हतो, त्यात काय कळायचंय?”

“आबा, झोप येत न्हाई,” मी म्हणालो.

“येत न्हाई म्हंजी? पडायचं आन् झोपायचं. झोप काय पाव्हनी हाय व्हय, वाट बघाया?” मग मागं वळून, “अगं ए, तुझ्या लेकाला झोप येत न्हाई म्हनं.”

आईनं फोन घेतला. गिताबाई माझी आई, तिला फोन तोंडापासून लांब धरून ओरडायची सवय आहे, पण त्या दिवशी ती ओरडली नाही. “माऊली, आवाज आसा का रं येतुया तुजा?”

“कसा?”

“लांबनं आल्यावानी. जेवलास का? ताप हाय का अंगात?”

“न्हाई.”

“मंग घरी ये.”

“शुक्रवारी सबमिशन हाय, आई. झालं की येतो.”

“शुक्रवार झाला की आजून काय तरी निघतं तुजं. कवा येतूस ते सांग.” आता रडलो तर ती रात्रीची एसटी धरून निघेल हे माहीत होतं, म्हणून रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला. मग पत्र्याच्या खोलीमागं, जिथं सगळे भांडी घासतात तिथं, नळ सोडून रडलो.

त्या रात्री झोप आली नाही हे वेगळं सांगायला नको. पण पडल्यापडल्या एक विचार असा सुचला की अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. फॉर्म माझाच आहे असं धरलं तर? मग शोधाशोध नको, वर्गात जाऊन सांगणं नको, बनवलेल्या फॉर्मचा बभ्रा नको, वर्ष वाचलं. राहता राहिलो मी, आणि मी कुठं काय करणार आहे! माझ्यावर लक्ष ठेवायला मी आहेच. हा विचार इतका गोड होता की मी त्याच्यावरच डोकं टेकलं. अर्ध्या तासानं तोच विचार उलटा होऊन आला. ती कुणी खरी असेल तर मी तिला पुसून टाकत होतो, केवळ माझं वर्ष वाचावं म्हणून. आणि खरी आहे म्हणावं तर मी माझ्यातल्या कुणाला तरी पुसत होतो. दोन्हीकडून एक माणूस कमी होत होतं. पहाटे भैया लोक फर्स्ट शिफ्टला उठले, त्यांच्यातला एकजण म्हणाला, “अरे, तू तो बैठा है!” तेव्हा कळलं की मी कधीचा भिंतीला टेकून बसलेलो आहे.

बुधवारी साडेनऊला राजनंदिनी मॅडमना डिपार्टमेंटमध्ये गाठलं. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, रोज दौंडहून येतात, एसटी चुकली तर चौफुल्यावर कुणाच्याही गाडीला हात करतात. माझ्याशी कायम चांगल्या वागलेल्या. मी आधी फॉर्म पुढं ठेवला, त्यांनी वाचला. दोनदा वाचला. चष्मा काढला. “कोण आहे ही?”

“माहीत नाही, मॅडम.”

“माहीत नाही म्हणजे? वर्गावर्गाचे गठ्ठे असतील ना वेगळे? त्यावरून काढता येईल.”

“गठ्ठे मिसळलेत मी,” असं म्हणालो आणि मग सगळं सांगून टाकलं. बेचाळीस फॉर्म, तीन पेनं, डावा हात, सगळं. बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत झाली नाही, टेबलावरच्या डब्याकडं बघत होतो. झाकणावर स्टीलमध्ये ‘कस्तुराबाई’ कोरलेलं होतं, त्यांच्या सासूबाईंचं नाव असावं.

“मूर्ख आहेस तू,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. “नापास करायला पाहिजे तुला.” त्यांनी फॉर्म पुन्हा उचलून वाचला. मग म्हणाल्या, “हे तूच लिहिलंयस, माऊली. तुझं तोंड बघ. महिनाभर बघतेय मी, तू वर्गात उभ्या उभ्या झोपतोस. आपण असं धरून चालू की हे तुझं आहे. शुक्रवारचं सोड. उद्या माझ्याबरोबर दौंडला चल, माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. माझ्या घरी जेव. चालेल?”

त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं, आणि मी मान डोलावली. कुणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकलं याचं फार बरं वाटलं. त्यांचे आभार मानून बाहेर आलो, जिन्यापाशी पोचलो. सव्वादहाची घंटा झाली. वर्ग सुटले आणि जिन्यावरून पोरी उतरू लागल्या, वीस वर्षांच्या, ग्रामीण, पाच वाजता उठलेल्या. कुणाची वेणी ओली, कुणाच्या हातावर पोळल्याची खूण, कुणी हसतेय, कुणी जांभई देतेय, एकीनं चालता चालता डोळे मिटले आणि मैत्रिणीच्या खांद्याला धरून दोन पायऱ्या तशीच उतरली. सगळ्या जणी माझ्या अंगावरून गेल्या. असं धरून चालू म्हणणं किती सोपं होतं! मी परत वर गेलो आणि मॅडमना म्हणालो, “तुमच्याबरोबर उद्या येतो. पण आज मला वर्गात बोलायचंय.”

“काय बोलणार आहेस?”

“खरं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि उठल्या. “चल. मी दाराशी उभी राहते.”

चारही वर्गांत तेच बोललो. पहिल्या वर्गात फळ्यापाशी उभा राहिलो. “तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी माझे झोपेचे फॉर्म भरले होते. नाव लिहायचं नव्हतं. त्यातले बेचाळीस फॉर्म मी स्वतः खोटे भरलेत.” मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. “एका फॉर्मवर काही लिहिलंय. ते तुमच्यापैकी कुणी लिहिलंय का मी, मला खरंच आठवत नाही, कारण मला झोप येत नाही आणि मी काय करतो ते मला कधीकधी कळत नाही.” मग ती तीन वाक्यं वाचली. शिट्टी थांबली होती. पंख्याचा खटखट आवाज होत होता, खिडकीबाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. “ज्यानं लिहिलं असेल त्यानं हात वर करायचा नाही. मी जिमखान्याशेजारच्या खोलीत पाचपर्यंत बसलेलो आहे. मॅडम पण असतील. नाव विचारणार नाही. फक्त या.” दुसऱ्या वर्गात ती वाक्यं फॉर्ममध्ये बघून वाचली, चौथ्या वर्गात बघावं लागलं नाही. मी एवढ्या लोकांसमोर एवढं खरं आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

जिमखान्याशेजारच्या खोलीत कॅरमचे मोडके बोर्ड आहेत, एक टेबल, दोन लांब बाकडी. एक वाजला, दोन वाजले. मॅडम मध्ये तास घेऊन आल्या. मी दाराकडं बघत बसलो होतो आणि प्रत्येक सावलीला उठत होतो. अडीचला एक मुलगी दारात आली, एस.वाय.ची, हर्षदा नाव तिचं, न्हावऱ्याकडून येते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “सर, ते माझंय.”

मी काही सर नाही, पण ते तिला सांगायचं सुचलं नाही. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. सापडली. खरी होती, जिवंत होती, समोर उभी होती. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. ती हळूहळू बोलू लागली. चार म्हशींची धार, सहा-चाळीसची गाडी, घरी परत गेल्यावर सैपाक, मग सगळे झोपल्यावर पुस्तक, आणि मग पुस्तक मिटल्यावरही छातीत काहीतरी पळत राहतं. मी खिशातून फॉर्म काढला. “तू निळ्या पेनानं लिहिलं होतंस ना?”

ती गोंधळली. “निळ्या? न्हाई वो. माझ्याकडं तवा काळा पेन व्हता.” मग घाईनं म्हणाली, “पर ते माझंच हाय. मी लिवलं आसंल नसंल, पर ते माझंच हाय.”

मी मॅडमकडं बघितलं, त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. तेवढ्यात दारात ज्योतिबा उभा. टी.वाय. बीएस्सी, दांडगा गडी, रात्री एमआयडीसीत हेल्परला जातो, सकाळी कॉलेजला येतो, सगळा वर्ग त्याला पेंगणारा म्हणून चिडवतो. आत आला आणि चप्पल काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा. “मॅडम, ते म्या लिवलंय.”

“ज्योतिबा,” मी म्हणालो, “फॉर्मवर स्त्री लिहिलंय.”

“आसू दे,” तो म्हणाला. खाली मान घालून उभा होता आणि त्याची हनुवटी हलत होती. “माझंच हाय ते.”

मग प्रगती आली. मग दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून आल्या आणि आम्हा दोघींचं आहे म्हणाल्या. शिट्टी मारणारा आला, त्यानं दारातूनच विचारलं, “इथं बसायचं का?” आणि बसला. कुणी म्हणत होतं मी लिहिलं, कुणी म्हणत होतं मी लिहिलं नाही पण माझं आहे, एकजण म्हणाला मी लिहिणार होतो पण लाज वाटली, म्हणून डास लिहिले. बाकडं भरलं, दुसरं भरलं. मॅडम एकेकाशी बोलत होत्या, मोबाईल नंबर लिहून घेत होत्या, डॉक्टरांना फोन लावत होत्या, त्यांचा आवाज चिरकला होता. प्रत्येक जण आत आला की मी फॉर्म उघडून बघायचो आणि प्रत्येक वेळी काहीतरी जुळायचं नाही. वय, पेन, गाव, अक्षर. पावणेपाचला अकरा जण होते, आणि त्या अकरा जणांच्यात ती नव्हती. हर्षदानं विचारलं, “दादा, मग तुम्ही कधी झोपला होता शेवटचं?” मी तोंड उघडलं. बनवलेल्या फॉर्मांत भरलेला आकडा तोंडाशी आला होता, साडेसहा तास. “आठवत नाही,” मी म्हणालो. ती सरकली, तिच्या शेजारचे सरकले, बाकड्याच्या टोकाला वीतभर जागा झाली. मी तिथं बसलो. फॉर्म हातात होता. माझा असेल तर असू दे, मी आता या सगळ्यांच्या देखत बसलो होतो, मला काही झालं असतं तर कुणालातरी कळलं असतं. पण तिचा असेल तर? ती चौथ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून सगळं ऐकून घरी गेली असेल तर?

पाचला शिपाई साहेबराव मामा किल्ल्या वाजवत आले. दारात थांबले. एवढी पोरं गप्प बसलेली बघून त्यांनी आवाज उतरवला. “झालं का तुमचं? कुलूप लावायचंय.”

“एवढ्यात नको, मामा,” मी म्हणालो. “अजून एकजण यायचीय.”

“कोन?”

“माहीत न्हाई.”

मामांनी बाहेर व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बघितलं. एसटीकडं निघालेली पोरं गेटातून बाहेर पडत होती. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, दाराची दुसरी फळीही उघडली, आणि तिथंच पायरीवर बसले.